मुंबईतील जुनी चित्रपटगृहे आणि त्यांच्या वास्तूंची उत्तरावस्था

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात निर्माते, दिग्दर्शक, नट आणि कलाकृती यांना जे स्थान मिळाले ते ज्या वास्तूंत लोकांनी चित्रपट पाहिला त्या वास्तूंना मिळालेले नाही. चित्रपटगृह म्हणजे पडदा आणि खुर्च्या यांवरचे एक छप्पर, अशीच समजूत दीर्घकाळ राहिली. वस्तुतः समाजाच्या इतिहासाचे ते महत्त्वाचे साधन आहे. चार आण्यांच्या प्रेक्षकाने कोणत्या दाराने आत यावे, रुपया देणाऱ्याने कोणत्या जिन्याने वर जावे, स्त्रियांनी कोठे बसावे, यंत्रगृह प्रेक्षकांपासून किती अंतरावर असावे, या गोष्टींची नोंद वृत्तपत्रांत व सरकारी अहवालांत त्रोटकपणे होते. भिंती, जिने आणि दरवाजे यांत मात्र ती सविस्तर झालेली असते. वास्तू पाडली गेली की ही नोंद पुसली जाते, आणि तिची प्रत दुसरीकडे कोठे नसते.

मुंबईत पहिला चित्रपट दाखविला गेला त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. या काळात उभ्या राहिलेल्या चित्रपटगृहांपैकी कोणती टिकली, कोणती गेली आणि टिकण्याचे किंवा जाण्याचे कारण काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. या विचारातून एक विसंगती पुढे येते. चित्रपटाच्या इतिहासातील मोठ्या घटना ज्या वास्तूंत घडल्या त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या किंवा जर्जर झाल्या. ज्या सुस्थितीत राहिल्या त्या मुख्यतः दर्शनी भागाच्या सौंदर्यामुळे राहिल्या. जतनाचा निकष आणि इतिहासाचा निकष हे दोन भिन्न निकष आहेत, हे त्यामुळे ध्यानात घ्यावे लागते.

१. उसन्या वास्तू

७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारिउस सेस्तिए याने मुंबईतील वॉटसन हॉटेलात चलच्चित्रांचे पहिले खेळ केले. प्रवेशमूल्य एक रुपया होते. ज्या वास्तूत हे घडले ती चित्रपटासाठी बांधलेली नव्हती, हे उघडच आहे. तिचा बिडाच्या लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून येथे आणून जोडलेला होता, आणि याच कारणासाठी वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना तिचे महत्त्व वाटत आले आहे.

त्याच महिन्यात हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात नेण्यात आले. तेथे झालेला एक बदल लक्षणीय आहे. महिनाअखेरपर्यंत एकाच दराच्या जागी चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतचे दर लागू झाले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी स्वतंत्र कक्ष राखून ठेवण्यात आले. हॉटेलच्या दालनात अशी विभागणी सोयीची नव्हती. नाट्यगृहात ती आयतीच उपलब्ध होती. म्हणजे चित्रपट पाहणाऱ्या समाजाची वर्गवारी चित्रपटाने नव्याने निर्माण केलेली नाही. ती त्याने नाट्यगृहाच्या रचनेकडून उसनी घेतली. पिटातला प्रेक्षक आणि बाल्कनीतला प्रेक्षक हा भेद पुढे शतकभर टिकला, त्याचे मूळ येथे आहे.

मुंबईत नाट्यगृहांची परंपरा जुनी होती. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने ग्रँट रोडवर १८४६ मध्ये नाट्यगृह सुरू झाले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे मराठी नाटके केली. पुढे त्या भागात नाट्यगृहांची इतकी दाटी झाली की ‘प्ले हाउस’ या शब्दाचे ‘पिला हाउस’ होऊन ते त्या वस्तीचेच नाव पडले. पारशी, गुजराती व उर्दू नाटकांसाठी बांधलेली येथील रंगमंदिरे कालांतराने चित्रपटगृहे झाली. बोरीबंदर स्थानकासमोरील १८७९ च्या गेइटी नाट्यगृहाचे कॅपिटल चित्रपटगृह झाले. त्याच परिसरात १९०८ मध्ये उभे राहिलेले एम्पायरही नाटकांकडून चित्रपटांकडे वळले. रंगमंचावर पडदा टांगावा, मागे यंत्रगृह बांधावे, एवढ्या फेरफाराने काम भागत असे. अशा वास्तूत दोन युगांचे थर एकावर एक बसलेले असतात. तिची नोंद करताना हे दोन्ही थर वेगळे ओळखणे आवश्यक ठरते.

२. तंबूपासून पक्क्या चित्रपटगृहापर्यंत

नाट्यगृहांबरोबरच तंबू हेही आरंभीचे चित्रपटगृह होते. अब्दुलअली युसुफअली यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंबू घेऊन आशियातील अनेक देशांत खेळ केले. तंबूची वास्तू म्हणून कोणतीही खूण मागे राहत नाही. परंतु तंबूवाल्यांनी कमावलेले भांडवल आणि प्रेक्षकांची पारख यांतून पक्की चित्रपटगृहे उभी राहिली, हे याच व्यक्तीच्या चरित्रावरून दिसते. १९१४ मध्ये त्यांनी अर्देशीर इराणी यांच्यासह मुंबईतील अलेक्झांड्रा चित्रपटगृह चालवावयास घेतले आणि १९१८ मध्ये दोघांनी गिरगावात मॅजेस्टिक बांधले.

गिरगाव हा मराठी मध्यमवर्गाचा भाग. दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मुंबईतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून झाली, हे त्यांनी स्वतःच ‘नवयुग’ मासिकातील लेखांत नमूद केले आहे. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा निमंत्रितांसाठी खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात झाला आणि ३ मे १९१३ पासून तो सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी लागला. कॉरोनेशनच्या जाहिरातीत चित्रपटाबरोबर नृत्य, प्रहसन आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळ यांचाही उल्लेख आहे. यावरून त्या वास्तूत पडद्यापुढे रंगमंचाची जागा होती, असे अनुमान काढता येते. अनुमान हा शब्द येथे सहेतुक योजिला आहे. कॉरोनेशनची वास्तू उरलेली नसल्याने या साध्या गोष्टीसाठीही जाहिरातीतील चार ओळींवरच विसंबावे लागते.

वास्तुरचनेच्या दृष्टीने या काळातील निर्णायक घटना म्हणजे १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. या कायद्याची चर्चा सहसा चित्रपटांच्या परिनिरीक्षणाच्या संदर्भात होते. परंतु त्याचा दुसरा अर्धा भाग चित्रपटगृहांच्या परवान्याविषयी व प्रेक्षकांच्या सुरक्षिततेविषयी होता. त्या काळची चित्रफीत नायट्रेटची असे आणि ती अत्यंत ज्वालाग्राही असे. त्यामुळे यंत्रगृह अग्निरोधक साहित्याने बांधणे, ते प्रेक्षागारापासून वेगळे ठेवणे, प्रक्षेपणाच्या झरोक्यांना झडपा बसविणे आणि बाहेर पडण्याचे मार्ग पुरेसे रुंद ठेवणे या गोष्टींना महत्त्व आले. कालांतराने ज्वालाग्राही फीत गेली, पुढे फीतच गेली. परंतु जुन्या चित्रपटगृहातील जाड भिंतींची ती अंधारी खोली त्या भयाची साक्ष देत राहिली. वारसायाद्यांत दर्शनी भागाचे वर्णन असते, या खोलीचे सहसा नसते.

१४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय बोलपटाचे युग सुरू झाले. गर्दी आवरण्यासाठी पोलीस आणावे लागले आणि तिकिटे मूळ दराच्या कित्येक पट किमतीने विकली गेली. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मॅजेस्टिकची वास्तूही विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात पाडली गेली आणि त्या जागी व्यापारी संकुल झाले. भारतीय बोलपटाच्या जन्माचे चित्रही गेले आणि सूतिकागृहही गेले. मराठी वाचकाच्या तोंडी मॅजेस्टिक हे नाव राहिले आहे ते चित्रपटामुळे नव्हे; त्या चित्रपटगृहालगत पुस्तकांचे दुकान म्हणून सुरू झालेल्या आणि त्यावरूनच नाव घेतलेल्या प्रकाशनसंस्थेमुळे.

३. चौथ्या दशकातील प्रासाद

बोलपटानंतर चित्रपटगृहाचे स्वरूप पालटले. ध्वनीचा विचार करून प्रेक्षागार बांधणे भाग पडले आणि सिमेंट-काँक्रीटमुळे मधल्या खांबांवाचून रुंद सज्जे उभारणे सुलभ झाले. कुलाब्याजवळील रीगल १९३३ मध्ये सुरू झाले. त्याचे वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स हे बोरीबंदर स्थानकाचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे पुत्र होते. पित्याने गॉथिक शैलीत स्थानक बांधले आणि पुत्राने आर्ट डेको शैलीत चित्रपटगृह. एका शहराच्या दोन पिढ्यांची अभिरुची एकाच घराण्यात अशी एकत्र आलेली आढळते. १९३८ मध्ये शियावक्ष कंबाटा यांच्यासाठी सोराबजी भेडवार यांनी बांधलेले इरॉस चर्चगेट स्थानकासमोर उघडले. त्याच वर्षी धोबी तलावाजवळ मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीने मेट्रो सुरू केले. त्याच्या अंतर्भागातील भित्तिचित्रे सर जे. जे. कलाशाळेचे चार्ल्स जेरार्ड यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी रंगविली.

ही तिन्ही चित्रपटगृहे मुख्यतः इंग्रजी चित्रपटांसाठी होती. हिंदी चित्रपटासाठी त्याच तोलाचे प्रेक्षागार दक्षिण मुंबईत उभे राहण्यास स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने उघडलेल्या या चित्रपटगृहाचे नाव लिबर्टी असावे, यात त्या काळाचा स्वाभिमान व्यक्त होतो. त्याच्या अंतर्गत सजावटीचे काम वामन नामजोशी यांनी केले.

याच काळात दादर, परळ, लालबाग येथे कामगार आणि मध्यमवर्ग यांच्यासाठी चित्रपटगृहे निघाली. दादरचे प्लाझा व चित्रा आणि लालबागचे भारतमाता ही त्यांतील सुपरिचित नावे. यांच्या दर्शनी भागांची वर्णने वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच सापडतील. परंतु मराठी चित्रपटाचा प्रेक्षक घडविण्यात त्यांचा वाटा दक्षिण मुंबईतील प्रासादांपेक्षा निश्चितच मोठा आहे.

४. ऱ्हासाची कारणे

चित्रपटगृहे बंद पडण्याचे कारण सामान्यतः दूरदर्शन असे सांगितले जाते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले, नवव्या दशकात व्हिडिओ घरोघरी पोहोचला, हे खरे. तथापि याच काळात ‘शोले’ १९७५ पासून लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हामध्ये पाच वर्षे चालला, ही गोष्टही विसरता येत नाही. तेव्हा प्रेक्षक घटणे हे एक कारण, एकमेव नव्हे.

दुसरे आणि अधिक खोल कारण भूमीचे मूल्य हे होय. एकपडदा चित्रपटगृहाचा व्यवहार हजारबाराशे आसने अल्प दरात दिवसातून तीनचार वेळा भरण्यावर बेतलेला असतो. खेळ अर्धा रिकामा गेला तरी वीज, नोकरवर्ग व देखभाल यांचा खर्च तितकाच राहतो. त्याच वेळी ती इमारत ज्या भूखंडावर उभी असते त्याचे मोल दरवर्षी वाढत असते. इमारतीचे उत्पन्न आणि भूमीचे मोल यांतील अंतर एका मर्यादेपलीकडे गेले की मालकाला चित्रपटगृह चालविणे म्हणजे प्रतिदिनी तोटा सोसणे वाटू लागते. चित्रपटगृहाच्या भूखंडावर पुनर्बांधणी करताना लहानसे चित्रपटगृह राखण्याची अट शासनाने घातली, यावरून हा दाब किती होता ते कळते. अटीने पडदा राहिला. वास्तू राहिली नाही.

तिसरे कारण बहुपडदा चित्रपटगृहांचा उदय. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र शासनाने त्यांना करमणूक करात सवलत दिली. लहानमोठी प्रेक्षागारे एकाच छपराखाली असल्याने चित्रपटाच्या मागणीप्रमाणे खेळ फिरविता येतात, आणि ही लवचिकता एकपडदा चित्रपटगृहाला अशक्य होती.

मालकीचा प्रश्न याहून निराळा आहे. पुष्कळ ठिकाणी भूमी एकाची, इमारत दुसऱ्याची आणि चालक तिसराच असतो. भारतमाता गिरणीच्या भूमीवर उभे असल्याने त्याचे भवितव्य गिरणीच्या भूमीच्या भवितव्याशी बांधले गेले. पुण्याचे उदाहरणही असेच आहे. इंदूरच्या किबे कुटुंबाच्या मालकीचे चित्रपटगृह प्रभात फिल्म कंपनीने १९३४ पासून चालविले आणि ‘प्रभात’ हे त्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या रूढ झाले. २०१४ च्या अखेरीस करार संपला, चित्रपटगृह मूळ मालकांकडे गेले आणि पुढे किबे लक्ष्मी या नावाने पुन्हा सुरू झाले. येथे वास्तू टिकली, पण नाव गेले.

५. उत्तरावस्थेचे प्रकार

आजवरची उदाहरणे एकत्र पाहिली असता जुन्या चित्रपटगृहांच्या उत्तरावस्थेचे पाच प्रकार स्पष्ट होतात.

पहिला प्रकार वास्तू जाऊन नाव उरण्याचा. मॅजेस्टिकचा उल्लेख वर आलाच आहे. पुण्यात गंगाधर नथूजी पाठक यांनी १९१५ मध्ये मंडईजवळ सुरू केलेले आर्यन हे त्या शहराचे पहिले चित्रपटगृह १९८३ मध्ये पाडले गेले. तेथील वाहनतळाला आजही आर्यन म्हणतात. गाडी लावणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावाचा अर्थ ठाऊक असेल, हे सांगणे कठीण आहे.

दुसरा प्रकार त्याच जागी नवे चित्रपटगृह उभे राहण्याचा. नॉव्हेल्टीच्या जागी एक्सेल्सिअर आले आणि पुढे तेही नव्याने बांधले गेले. येथे स्थान आणि व्यवसाय अखंड राहिले, वास्तू मात्र पुन्हापुन्हा बदलली.

तिसरा प्रकार कवच राहून अंतर्भाग पालटण्याचा. २००६ मध्ये मेट्रोच्या एका विशाल प्रेक्षागाराची सहा लहान प्रेक्षागारे झाली. इरॉस २०१७ नंतर काही वर्षे बंद राहिले आणि २०२४ मध्ये पुन्हा उघडले तेव्हा हजारावर आसनांच्या मूळ प्रेक्षागाराच्या जागी सुमारे तीनशे आसनांचे अत्याधुनिक प्रेक्षागार होते. लाल-पिवळसर दगडी दर्शनी भाग मात्र पूर्ववत राहिला.

चौथा प्रकार वास्तू उभी राहून प्रयोजन हरपण्याचा. न्यू एम्पायर २०१४ मध्ये आणि दादरचे चित्रा २०१९ मध्ये बंद पडले. वॉटसन हॉटेलच्या इमारतीत पुढे कचेऱ्या व गाळे झाले; एस्प्लनेड मॅन्शन हे नाव धारण केलेली ही वास्तू २००५ मध्ये अंशतः कोसळली आणि २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली.

पाचवा प्रकार पुनरुद्धाराचा. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत उद्घाटन झालेले रॉयल ऑपेरा हाउस पुढे अनेक दशके चित्रपटगृह होते. १९९३ मध्ये ते बंद पडले. गोंडलच्या राजघराण्याच्या मालकीच्या या वास्तूचे पुनरुज्जीवन आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली होऊन ती २०१६ मध्ये पुन्हा खुली झाली आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाचा गुणवत्ता पुरस्कार तिला मिळाला. या कार्याचे मोल मोठे आहे. तरीही येथे परत आणले गेले ते मूळ नाट्यगृहाचे वैभव, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावयास हवे. चित्रपटगृह म्हणून त्या वास्तूने घालविलेली दशके पुनरुद्धारात साहजिकच मागे पडली.

६. जतन आणि नोंद

१९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंविषयीची नियमावली लागू झाली. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला आणि इरॉस त्या समूहात अंतर्भूत आहे. या संरक्षणामुळे काही चित्रपटगृहे वाचली, हे निर्विवाद होय. परंतु वास्तुशैली हा निकष धरला की कॉरोनेशन, मॅजेस्टिक, पिला हाउसमधील रंगमंदिरे किंवा गिरणगावातील चित्रपटगृहे त्यात बसणे अवघड जाते. ज्या वास्तूंचा प्रेक्षक श्रीमंत, तिचा दर्शनी भाग श्रीमंत. आणि ज्या वास्तूचा दर्शनी भाग श्रीमंत तीच पुढे वारसा ठरते. या साखळीतून सामान्य प्रेक्षकाचा इतिहास आपोआप गळून पडतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की प्रत्येक जुने चित्रपटगृह राखणे शक्य नाही व इष्टही नाही. दाट वस्तीच्या शहरात रिकाम्या प्रेक्षागारांपेक्षा घरांची निकड मोठी आहे, आणि तोट्याचा बोजा मालकानेच का सोसावा, असेही विचारले जाईल. हा आक्षेप सयुक्तिक आहे. मात्र वास्तूचे जतन आणि वास्तूची नोंद या दोन गोष्टी भिन्न आहेत. जतनासाठी भांडवल, कायदा आणि मालकाची संमती यांची आवश्यकता असते. नोंदीसाठी मोजपट्टी, छायाचित्रणयंत्र आणि काही दिवसांचे परिश्रम एवढेच पुरतात. इमारत पाडली जाण्यापूर्वी हे दिवस उपलब्ध असतात. ते बहुधा कोणी वापरीत नाही.

अशा नोंदीत दर्शनी भागाच्या छायाचित्राइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष पुढील गोष्टींकडे दिले जावे : आसनांच्या वर्गांची विभागणी व प्रत्येक वर्गाचे प्रवेशद्वार, स्त्रियांसाठी वेगळ्या बैठकीच्या किंवा तिकीटखिडकीच्या खुणा, यंत्रगृहाची जाडी, झरोके व जिना, रंगमंच असल्यास त्याची खोली, दरफलक, भिंतीवरील व दारावरील भाषा. याखेरीज दारवान, तिकीटविक्रेते, यंत्रचालक आणि फलक रंगविणारे चित्रकार यांच्या आठवणी टिपून घेणे अगत्याचे आहे. वास्तूचा वापर कसा होत असे ते वास्तू स्वतः पूर्णपणे सांगू शकत नाही. ज्यांनी तिच्यात तीसचाळीस वर्षे काढली तेच ते सांगू शकतात. भूमी, इमारत आणि चालक यांच्या मालकीची कागदपत्रे हा नोंदीचा तिसरा भाग ठरेल, कारण वर दाखविल्याप्रमाणे बहुतेक वास्तूंचे भवितव्य त्या कागदांनीच ठरविले आहे.

वॉटसन हॉटेलमधील त्या दालनात पहिले प्रेक्षक कसे बसले होते, कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पाहताना गिरगावातील स्त्रिया कोणत्या दाराने आत गेल्या, ‘आलम आरा’चा आवाज मॅजेस्टिकच्या शेवटच्या रांगेत कसा पोहोचत होता, या प्रश्नांची उत्तरे त्या भिंतींबरोबर गेली. परळ-लालबागच्या आणि पिला हाउसच्या चित्रपटगृहांविषयी असेच प्रश्न पुढील पिढी विचारील. त्यांची उत्तरे देणाऱ्या भिंती आणि माणसे यांतील काही अजून आहेत.